शेहेचाळीसची भीती

बाई, परवा आमच्या विहीणबाईंनी शिरा केला होता. केळं घालून, वर तुपाची धार सोडून, आधी देवापुढे आणि मग सगळ्यांच्या हातात बशा. मी माझी बशी घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि घास काही केल्या खाली उतरेना. वारज्याच्या त्या इमारतीखाली मुलं क्रिकेट खेळत होती. आत जावई फोनवर मोठमोठ्याने बोलत होता. माझी मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि कित्येक महिन्यांनी हसत होती. त्या भरल्या घरात घाबरलेली अशी मी एकटीच होते. आणि ज्या गोष्टीला घाबरले होते ती तुम्ही मला शिकवलीत, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी केळ्यांवरच्या चिलटांपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथे पोचेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघायला लागेल.

तुम्ही गेलात तेव्हा ही मुलगी पाळण्यातून नुकती बाहेर आली होती. आता तिला पाचवा महिना आहे. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी ते पुरेना. मग डॉक्टरांनी नवराबायकोचं रक्त तपासायला पाठवलं आणि मुलीच्या रिपोर्टवर आकडा आला पंचेचाळीस. माणसाची गुणसूत्रं शेहेचाळीस, एवढं हल्ली दहावीच्या पोरांनाही पाठ असतं. ती तो कागद हातात घेऊन रडायला लागली. "म्हणजे माझ्यात एक कमीच आहे का?" डॉक्टर भल्या होत्या. त्यांनी कागदावर दोन उभ्या काड्या काढल्या, मग त्याच दोन काड्या टोकाशी जोडून दाखवल्या आणि म्हणाल्या, "कमी काही नाही. तेराव्या आणि चौदाव्या नंबरची काडी एकमेकींना जोडली गेल्ये. सामान सगळं आहे, दोन पिशव्यांऐवजी एका पिशवीत आहे, इतकंच." मी शेजारी बसले होते. ती आकृती मी याआधी शेकडो वेळा काढली होती. तुमच्या टेबलाशी बसून, टोकदार पेन्सिलीने.

पुढचंही डॉक्टरांनी सांगितलं, पण मुलगी तेव्हा रुमालात तोंड घालून बसली होती आणि जावई तिच्या पाठीवर हात फिरवत होता, त्यामुळे ऐकलं ते मीच, असं मी धरून चालले. ढोबळ हिशेब असा. आईकडून बाळाला तेरावी आणि चौदावी अशा दोन सुट्या काड्या मिळाल्या, तर बाळाची संख्या शेहेचाळीस, सगळं ठीक. जोडलेली एकच मिळाली, तर संख्या पंचेचाळीस, तेही ठीक, आईसारखंच. पण जोडलेली मिळाली आणि तिच्यासोबत एखादी सुटीही आली, तर बापाकडून आलेलं धरून ते सामान बाळाकडे दुपटीऐवजी तिप्पट होतं. असं बाळ बहुतेक वेळा पोटातच जातं. आलंच तर राहत नाही. आणि अशा बाळाची संख्या किती होते? मोजली तर बरोबर शेहेचाळीस.

आता कळलं असेल तुम्हाला, परवा शिरा का उतरत नव्हता. पोटातलं पाणी काढून तपासायला दिलं होतं. तीन आठवडे लागतील म्हणाले होते. जावयाच्या एका मित्राची बायको त्या लॅबमध्ये टायपिंगला आहे. तिने शनिवारी जाता जाता फोन केला, "रिपोर्ट सोमवारी मिळेल, पण मी आकडा बघितला, फॉर्टी-सिक्स आहे." जावई उड्याच मारत सुटला. "आई, फॉर्टी-सिक्स! एकही कमी नाही! हिच्यासारखं सुद्धा नाही, एकदम परफेक्ट!" विहीणबाईंनी लगेच रवा भाजायला घेतला. मला बोलावणं आलं, मी बिबवेवाडीहून रिक्षाने गेले. जिना चढताना तुपात भाजल्या जाणाऱ्या रव्याचा वास आला आणि मी कठड्याला धरून थांबले. बाई, तीन आठवडे मी मनातल्या मनात पंचेचाळीस मागत होते. सगळं घर ज्या आकड्याला घाबरत होतं, तोच मला हवा होता. पंचेचाळीसचा अर्थ एकच निघतो. शेहेचाळीसचे दोन निघतात.

रव्याचा तो वास. तुमच्या प्रयोगशाळेचाही तोच वास होता, फक्त त्यात तुपाऐवजी गूळ आणि यीस्ट. त्या माश्यांसाठी, म्हणजे केळ्यांवरच्या चिलटांसाठी, रवा-गुळाची लापशी शिजायची, दुधाच्या बाटल्यांत ओतायची, वर कापसाचा बोळा. नवीन कोणी दारात डोकावलं आणि विचारलं, "इथे काय चालतं?" की तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणायचात, "माश्या मारतो. आमच्याकडे त्यालाही एम.एस्सी. लागते." मी पहिल्या दिवशी हसले, तर म्हणालात, "हसून झालं असेल तर हात धुऊन या. आंबट-गोड वास तीन दिवस जात नाही, घरी सांगून ठेवा."

मी बसलेली असते, म्हणजे अजूनही डोळे मिटले की तिथेच बसलेली असते, त्या खिडकीजवळच्या लांब टेबलाशी. काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात एक गुबगुबीत अळी. दोन सुयांनी तिचं डोकं ओढायचं, मेंदूचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सुटा करायचा, त्यावर रंगाचा थेंब, वर काचेचा पापुद्रा, त्यावर टिपकागद आणि मग अंगठा. "सरळ दाब. तिरका पडला की गेलं वाहून." तो अंगठा जमायला मला एक सत्र लागलं. जमला तेव्हा सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा दिसल्या त्या काड्या, जांभळट, एकमेकींपासून अंग चोरून पडलेल्या. एखाद्या पेशीने मुठीत धरलेलं सगळं माझ्यासाठी उघडून दाखवावं, तशा. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. तुम्ही मागून म्हणालात, "बघून झालं की चित्र काढ. बघायला आपण सिनेमाला जातो."

आणि तुमची ती कागदाची पट्टी. प्रत्येक बाटलीवर माशी कुठली, कुठून आणली ते लिहिलेलं असायचं आणि तुम्ही त्यावर कोरी पट्टी चिकटवून ठेवायचात. काचेवरही तसंच. आधी चित्र काढायचं, मग पट्टी उचलून नाव वाचायचं. विद्यार्थ्यांना हा छळ वाटायचा. मी एकदा विचारलंही. तुम्ही म्हणालात, "मनात उत्तर असलं ना, की डोळे तेच काढतात. डोळ्यांवर माझा विश्वास नाही. पट्टीवर आहे." पुढे वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं माझं. बातमीदाराचं नाव झाकून मजकूर वाचायची सवय मला तिथे कोणी लावली नव्हती, ती मी तुमच्याकडून घेऊन गेले होते.

पहिली बोलणी खाल्ली तीही या काड्यांवरूनच. तुम्ही दोन काचा दिल्या होतात. एका माशीत सहा जोड्या होत्या, पाच सरळ काड्यांच्या आणि एक नुसत्या ठिपक्याची. दुसरीत चारच. मी दोन्हींची चित्रं नीट काढली आणि खाली लिहिलं, दुसरीत दोन जोड्या कमी, सबब नातं दूरचं. तुम्ही वही उलटी करून माझ्यापुढे सरकवलीत.

"किती भुजा?"

"बाई, सहा आणि चार."

"जोड्या विचारल्या का मी? आकडा मोजायला कॉलेजात कशाला यायचं? भुजा मोज."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. चार जोड्यांतल्या दोन जोड्या काड्यांच्या नव्हत्याच, पंख पसरलेल्या पक्ष्यासारख्या होत्या, मधे जोड आणि दोन्हीकडे एकेक भुजा. दोन सरळ काड्या जोडल्या की एक पक्षी. मी बोटांवर भुजा मोजल्या. पाच आणि ठिपका. दोन्हींत पाच आणि ठिपका. काहीही हरवलेलं नव्हतं. तुम्ही तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडं हसलात. "लाखो वर्षांत या बायांनी घरं बदलली, भिंती पाडल्या, दोन खोल्यांची एक केली. सामान तेच आहे. आता सांग नातं." चुलत बहिणी, मी म्हणाले. "हां. आता जा, चहा पिऊन ये. चुलत बहिणी म्हणेपर्यंत दीड तास लावलास."

या धड्याने मला धीर यायला हवा होता. डॉक्टरांनी पिशवीची उपमा दिली तेव्हा आलाही. पण तुमचा दुसरा धडाही आहे, बाई, आणि परवा गॅलरीत मला तोच आठवत होता.

तुमच्या अब्बांची केळ्यांची वखार होती. पावसाळ्यात तिथे माश्यांचे ढग असायचे आणि तुम्ही बाटली घेऊन जायचात. एकदा कॉलेजातला गॅस संपला म्हणून लापशी करायला तुम्ही मला घरी घेऊन गेलात. छोटं स्वयंपाकघर, घासूनपुसून लख्ख, कोनाड्यात हिरव्या काचेचा दिवा. तुमच्या अम्मी चुलीपाशी सरकून आम्हाला जागा करून देत म्हणाल्या, "बघ गं बाई, हिच्या अब्बांनी जिंदगीभर माश्या हाकलल्या आणि ही पोरगी त्यांना लापशी करून घालते. वर पगार पण घेते!" तुम्ही ढवळत होतात. "अम्मी, तुम्ही मला घालता तशीच घालते." "तुला घातली ती तू खाल्लीस कुठे? तशीच काडीसारखी राहिलीस." मी हसू दाबत होते. मग अम्मींनी मला जवळ बसवून खिरीची वाटी दिली आणि हळूच विचारलं, "कॉलेजात पण अशीच टोचून बोलते का?" मी मान हलवली. "आत घाबरट आहे ती," अम्मी म्हणाल्या. "लहानपणी रिझल्टच्या दिवशी पलंगाखाली जाऊन बसायची." तुम्ही पळी आपटलीत. मला ते खरं वाटलं नाही. तुम्ही आणि घाबरट?

मग ते वर्ष आलं. कात्रजच्या घाटात उंबराखाली पडलेल्या फळांवर तुम्हाला माश्या सापडल्या. दिसायला हुबेहूब वखारीतल्या माश्यांसारख्या. डोळे, पंख, पाठीवरचे केस, काही म्हणजे काही वेगळं नाही. मेंदूतल्या काड्या बघितल्या तर जोड्या तितक्याच, भुजा तितक्याच, दोन्हींत पक्षी एकेकच. सगळे म्हणाले, एकच माशी आहे, घाटात फिरायला गेली असेल. तुम्हाला वाटत होतं की नाही, या वेगळ्या आहेत. या माशीतला पक्षी ज्या दोन काड्या जोडून झालाय, त्या माशीतला दुसऱ्याच दोन काड्यांचा आहे. बाहेरून ते कळणार नव्हतं. ते कळायला अळीच्या लाळग्रंथीतली मोठी गुणसूत्रं काढायला हवी होती, ज्यांच्यावर गळपट्ट्यासारखे आडवे पट्टे असतात आणि प्रत्येक भुजेचे पट्टे वेगळे. त्यात तुमची किती वर्षं गेली होती ते मी सांगायला नको.

ती दुपार मला आज दिसते आहे. काच तयार आहे, पट्टी चिकटवलेली आहे. तुम्ही सूक्ष्मदर्शकाशी बसता, डोळा लावत नाही, उठता. मला म्हणता, "तू बघ आधी." मी म्हणते, "बाई, तुम्ही बघा ना." तुम्ही म्हणता, "बघ म्हटलं ना." आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहता. मी बघते. पक्ष्याचा एक पंख ओळखीचा आहे, वखारीच्या माशीत मी तो पाठ केलेला आहे. दुसरा पंख ओळखीचा नाही, म्हणजे ओळखीचा आहे पण इथला नाही, तो वखारीच्या माशीत सुटा असतो. मी पुन्हा पुन्हा पट्टे जुळवते. तुमच्या पाठीवरचा पदर तुम्ही मुठीत घट्ट धरलाय, बोटांची पेरं पांढरी झाली आहेत. "सांग," तुम्ही म्हणता, मागे न वळता. मी सांगते. तुम्ही पदर सोडून खांद्यावर नीट घेता. मग म्हणता, "पट्टी उचल. नाव वाच." आवाज नेहमीचाच होता. पण अम्मी खरं बोलल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर तुम्ही वखारीची मादी आणि घाटातला नर एका बाटलीत ठेवलेत. त्यांचं जुळलं. अंडी घातली. आम्ही रोज बाटली उजेडात धरून बघायचो. लापशीवर पांढरी बारीक अंडी, तांदळाच्या कणीहून बारीक, रांगोळीची चिमूट सांडावी तशी. दुसऱ्या बाटल्यांतल्या अळ्या वळवळायला लागल्या, ही अंडी तशीच राहिली. मग पिवळट झाली. मग चपटी. संख्या जुळली होती, बाई. सगळं मोजून जुळलं होतं, आणि एकही अंडं फुटलं नाही. तुम्ही ती बाटली शेवटी स्वतः धुतलीत, मला धुवू दिली नाहीत. म्हणालात, "आकडा जुळणं आणि जमणं यात एवढं अंतर असतं." किती, ते हाताने दाखवलं नाहीत. परवा विहीणबाईंच्या गॅलरीत मला ती बाटली दिसत होती आणि आत माझी मुलगी हसत होती.

मी कोणाला काय सांगणार होते? विहीणबाई बाहेर आल्या. "अहो, बशी तशीच! गोड चालत नाही का तुम्हाला? की आमचा शिरा आवडला नाही?" मी म्हटलं, "नाही हो, छान झालाय. गरम आहे जरा." "गरम? वाफ सुद्धा गेली त्याची." आणि माझ्याकडे थोडा वेळ बघून म्हणाल्या, "तुम्ही पेपरवाली माणसं, चांगली बातमी आली की तुमची पंचाईतच होते." चांगल्या बाई आहेत. दोन्ही वेळा मुलीच्या उशाशी त्या बसल्या होत्या, मी दिवसा ऑफिसात होते. त्यांच्या हातून ती बशी हिरावून घ्यावी, असं मला वाटेना. डॉक्टरांना फोन लावला तर त्या परगावी, सोमवारी येणार. रविवार मी घरी काढला. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. फळांच्या टोपलीवर दोन चिलटं घिरट्या घालत होती, त्यांना हाकलायलाही हात उचलवेना. पुन्हा पुन्हा ते गणित मांडत होते, आणि गणित काही बदलत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वाईटाची शक्यता थोडी आहे. पण शक्यता कितीही थोडी असली तरी ती आमच्या दारातून दोनदा येऊन गेली असावी, तिला आमचा पत्ता माहीत होता.

इथपर्यंत मी आज पहाटे उठून लिहिलं होतं. आता सोमवार संध्याकाळ आहे.

सकाळी निघताना पर्समध्ये तुम्ही दिलेलं पितळी घडीचं भिंग टाकलं. मी शिक्षण अर्धवट सोडून वर्तमानपत्रात चालले तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही बोलणार नाही माझ्याशी. तुम्ही ते भिंग टेबलावर ठेवलंत. "ठेव. तिकडच्या बातम्यांतही माश्या निघतील." एवढंच. आज ते पर्समध्ये का टाकलं हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. रिक्षात बसल्यावर पर्सवरून चाचपून बघत होते.

लॅबच्या काउंटरवरचा माणूस पुण्याचाच होता. "पावती?" जावयाने पावती दिली. "तीन माणसं कशाला? रिपोर्ट एकच आहे." जावई उत्साहात म्हणाला, "अहो, आम्हाला शनिवारीच कळलंय, फॉर्टी-सिक्स आहे." तो माणूस थांबला. "कोणी सांगितलं? इथे फोनवर रिपोर्ट सांगत नाहीत. भविष्य सांगणारे बाहेर कोपऱ्यावर बसतात." आणि पाकीट पुढे सरकवलं. जावई हसला, पण त्याने हात पुढे केला त्याच्या आधी मुलीने पाकीट उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"आई, तूच बघ आधी."

"अगं, तुम्ही दोघं बघा ना."

"नाही. तू बघ. तुला कळतं." मग खालच्या आवाजात, नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं, "डॉक्टरांनी सांगितलेलं मला सगळं आठवतंय, आई. फॉर्टी-सिक्सचं पण. शनिवारी तू शिरा का नाही खाल्लास ते मला माहितेय."

मी विचारलं, "मग तू हसत का होतीस?"

"त्यांनी इतक्या हौसेने केला होता. आणि तू गॅलरीतून सारखी माझ्याकडे बघत होतीस. मग काय करणार?"

एवढं बोलून ती कोपऱ्यातल्या खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. ओढणीचं टोक मुठीत. मी बाकावर बसले. पाकीट उघडलं.

आतल्या कागदावर फोटो होता. गुणसूत्रांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या, खाली नंबर. शेवटच्या कोपऱ्यावर काळी पट्टी होती, मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून कायद्याने लावतात. ती पट्टी बघून मला काय वाटलं ते तुम्हालाच कळेल. फोटोच्या खाली एक ओळ छापलेली होती, निकालाची. मी तिच्यावर अंगठा ठेवला. सरळ, तिरका नाही. आणि दुसऱ्या हाताने भिंग उघडलं.

जावई म्हणाला, "आई, काय करताय? खाली लिहिलंय ना!"

"थांब जरा."

तेराव्या नंबरवर आले. एक काडी. शेजारी दुसरी काडी. वरून खालून दोन्हींकडे नीट बघितलं, कुठे जोड नाही, कुठे दुसरी भुजा नाही. चौदावा नंबर. एक. दुसरी. हात गुडघ्यावर टेकवला आणि पुन्हा बघितलं. मग सगळ्या ओळींवरून फिरले, कुठे पक्षी चुकून दुसरीकडे ठेवलेला नाही ना. नव्हता. पुन्हा तेरावर आले. मुलगी खिडकीपाशी उभी राहूनच म्हणाली, "आई, सांग ना."

"सुट्या आहेत," मी म्हटलं. "चारही काड्या सुट्या आहेत."

ती वळली नाही लगेच. तिची पाठ तेवढी खाली-वर होताना दिसली. जावयाला आधी काहीच कळलं नाही, मग तिने त्याला तिथेच सांगितलं, शेहेचाळीस म्हणजे काय काय असू शकतं ते, आणि त्याचा चेहरा उतरला तो पाच मिनिटांनी सावरला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "रडायचं असेल तर आत पाण्याचा कूलर आहे. ग्लास धुऊन ठेवा."

अजून चार महिने आहेत. डॉक्टरांनी फोनवर अभिनंदन केलं, पण भीती अशी एका दिवसात जात नाही, कमी झाली इतकंच. विहीणबाईंना कोणी काही सांगायचं नाही, असं आम्ही रिक्षातच ठरवलं. तुमची वखार पाडून तिथे दुकानं झाल्याला कितीतरी वर्षं झाली, पत्र पाठवायला पत्ता उरला नाही, तेव्हा हे कागद घडी घालून मी भिंगाशेजारी ठेवते आहे.

आता एकच. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच केला असतात, "ओळ झाकली होतीस ना?" आणि मी हो म्हणाले असते, आणि तुम्ही मान हलवली असतीत. पण बाई, मी ती डोळ्यांनी खरं बघावं म्हणून झाकली नव्हती. ती वाचायची छाती नव्हती माझी, म्हणून अंगठा ठेवला. आयुष्यभर लोकांच्या ओळी वाचल्या मी, आणि ही अजून वाचलेली नाही. काड्या मोजून झाल्यावर अंगठा उचलला तेव्हा मी डोळे मिटले होते, ती जावयाने वाचली.